मधला डाग

रोझेरचं नाव जूनमध्ये निघालं. मूस म्हणजे घोड्याहून मोठं, रुंद शिंगांचं सांबर; त्याच्या शिकारीचे परवाने सरकार सोडत काढून देतं, आणि माझा नवरा लग्नाआधीपासून दरवर्षी अर्ज करत आला होता. अर्जात सोबत्याचं, म्हणजे त्याच परवान्यावर गोळी झाडू शकणाऱ्याचं, नाव लिहायला एक ओळ असते. ती त्याने कायम कोरी ठेवली. वाटेकरी नको, म्हणायचा.

एप्रिलमध्ये डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना शेजारी बसवून सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध डाग धरला आहे, तो वाढणार, चष्म्याचा उपयोग नाही. कडेकडेचं दिसत राहील. म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्याला माझे कान दिसतात. तीस वर्षांच्या संसारात त्याचं माझ्या कानांकडे पहिल्यांदाच लक्ष गेलं.

"चष्म्याचा उपयोग नाही म्हणाल्या त्या," रोझेर मला गाडीत म्हणाला. "दुर्बिणीचं काही बोलल्या का?"

"नाही."

"मग? चष्मा डोळ्यासाठी असतो. बंदुकीवरची दुर्बीण त्या जनावरापर्यंत जाते. वेगळी गोष्ट आहे."

त्याच्या बापाच्या बंदुकीला दुर्बीण कधी नव्हतीच. नळीवरच्या लोखंडी खुणेवरून नेम धरायचा आणि चाप ओढायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने अडीचशे डॉलर बाजूला ठेवले, आणि ऑगस्टच्या शेवटी मी त्याला आल्फेच्या दुकानात घेऊन गेले. गाडी आता मीच चालवते.

आल्फे आणि रोझेर एका वर्गातले. दुकानात पुढे खिळे, रंग, बादल्या, मागे बंदुका. मागच्या काउंटरशी ओनेझीम बसलेला असतो. तो काही विकत घेत नाही, फक्त मतं देतो.

आल्फेने तीन दुर्बिणी फडक्यावर मांडल्या. "ही ऐंशीची. खोक्यावर बारापट लिहिलंय. संध्याकाळी बारापट अंधार दाखवते."

"आणि ही?"

"दीडशेची. दिसतं बरं, पण बंदुकीच्या धक्क्याने सरकते. चार गोळ्या झाडल्यास की नेम शेजारच्या गावात. ही तिसरी घे. चारच पट, कमीजास्त काही होत नाही. पण काच स्वच्छ आहे आणि जागची हलत नाही. पैसे काचेला द्यावेत, आकड्यांना देऊ नयेत."

"चारपट?" ओनेझीम म्हणाला. "एवढं तर माझी सासू बिनदुर्बिणीची बघते."

दुर्बीण पारखायची ती उजेडात, लांबचं काहीतरी बघून. रोझेर मागच्या दाराच्या पायरीवर गेला आणि नदीपलीकडे, कॅनडातल्या चर्चच्या मनोऱ्यावर त्याने ती रोखली. बराच वेळ उभा होता.

"मध्ये डाग आहे," तो म्हणाला.

आल्फेने फडक्याने काच पुसून दिली. त्याने परत पाहिलं. मग दुसरी मागितली, मग पहिली, ऐंशीवाली.

"सगळ्यांतच आहे रे. नेम धरायची मधली फुली जिथे असायला हवी, बरोबर तिथेच. कसला माल ठेवतोस?"

"बोटाला लोणी असेल तुझ्या," ओनेझीम हसला.

आल्फे स्वतः पायरीवर गेला. तिन्ही दुर्बिणींतून एकेकदा पाहिलं, खाली ठेवल्या आणि माझ्याकडे वळला. मी मांडणीवरच्या बिजागऱ्या बघायला लागले. त्यावरून काय समजायचं ते तो समजला.

"स्वस्त काचेत होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "जर्मन काच मागवावी लागेल. महाग आहे. आणि वेळेत येईलच असं सांगत नाही."

"मागव," रोझेर म्हणाला. घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता. "मी म्हणत होतो ना? काचेचाच दोष."

सप्टेंबरभर तो दर दोन दिवसांनी आल्फेला फोन करायचा. आली नाही म्हटलं की "काय ही कंपनी!" म्हणून चिडायचा आणि मग पोटभर जेवायचा. ते पोटभर जेवणं माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

परवान्याचा आठवडा ऑक्टोबरात आला. सोमवार ते शनिवार, तेवढेच दिवस. आणि एकदा नाव निघालं की पुढची कितीतरी वर्षं अर्ज करता येत नाही. सोमवारी तो पहाटे उठला, शिकारीचं नारिंगी जाकीट घातलं आणि खिडकीशी बसला. समोरच्या रस्त्याने लोकांच्या गाड्या जात होत्या, मागे ट्रॉलीवर मूस, वर केलेले ताठ पाय. "कुणाला मिळाला?" तो विचारायचा. मी सांगायची. "दुर्बीण असती तर मीही गेलो असतो," तो म्हणायचा.

गुरुवारी फोन आला. मी तव्यावर प्लोय टाकत होते. आमचं हे धिरडं एकाच बाजूने भाजतात, त्यामुळे फोन घ्यायला उसंत मिळते.

"क्लोदेत," आल्फेचा आवाज बसलेला होता. "आली गं ती. मला वाटलं होतं, हंगाम संपेपर्यंत काही येत नाही. आता खोकं फोडताना ओनेझीमने पाहिलंय. म्हणजे सगळ्या गावाने पाहिलं म्हण."

फोन ठेवून मी रोझेरला सांगितलं. तो हलला नाही.

"आज पाऊस आहे," तो म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन होतं. तेवढं त्यालाही दिसत होतं. शुक्रवारी त्याचा गुडघा दुखला.

शनिवारी दुपारी ओनेझीम दारात आला. "अरे, वर्षानुवर्षं डोकं खाल्लंस आमचं, आणि आता दुर्बीण आली तर घरात? चल, ऊठ. तळ्याच्या वरच्या अंगाला नर आहे, दोन दिवस तिथेच उभा आहे. मी गाडी चालवतो, तू फक्त चाप ओढ."

नाही म्हणायला जागाच ठेवली नाही त्याने.

शिकार झालेली जनावरं वजनाला आल्फेच्या दुकानाच्या मागेच येतात. शेवटचा दिवस, त्यामुळे निम्मं गाव तिथे होतं. काट्याला एक प्रचंड नर टांगलेला, खाली लोक कॉफी पीत शिंगं मोजत होते. रोझेर आला तसे सगळे ओरडले, वाट करून दिली. आल्फेने खोक्यातून दुर्बीण काढली आणि कुणाकडेही न बघता त्याच्या हातात दिली.

रोझेरने ती डोळ्याला लावली. नदीकडे रोखली. मी त्याच्या बाजूला होते, आणि त्याचा डोळा काचेआड फिरताना मला दिसत होता: डावीकडे, उजवीकडे, वर, मधोमध एकदाही थांबला नाही.

"वा," तो शेवटी म्हणाला. "काच म्हणजे काच आहे. किती?"

"सातशे," आल्फे म्हणाला.

"मग जमायचं नाही." त्याचे खांदे खाली आले, सुटल्यासारखे. "माझ्याकडे अडीचशे आहेत. राहू दे."

इथेच संपायला हवं होतं. पण ओनेझीमने डोक्यावरची टोपी काढली. "अडीचशे याचे. बाकीचे आपण घालू. चला, खिशात हात घाला!" आणि टोपी फिरली. पाच, दहा, विसाच्या नोटा. एका पोरीने कॉफीचे सुट्टे पैसे टाकले. लोक हसत होते, कुणी रोझेरच्या पाठीवर थापा मारत होतं. एवढी माया मी या गावात कुणाच्या मयतालाही पाहिली नव्हती. ओनेझीम भरलेली टोपी त्याच्यासमोर धरून म्हणाला, "अजून तासभर उजेड आहे. ऊठ, राजा."

रोझेरने माझ्या दिशेला तोंड केलं. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. तरी शोधत होता.

"नाही," मी म्हणाले. "लोकांच्या पैशाची वस्तू माझ्या घरात येणार नाही. आम्ही भीक मागायला आलो नाही इथे."

"भीक कुठली, क्लोदेत? आपला माणूस आहे तो."

"तुमचा असेल. माझा नवरा आहे. टोपी घाल डोक्यात, ओनेझीम, थंडी आहे."

ओनेझीमचं तोंड उतरलं. कुणीतरी "बाई आहे की कोण" असं पुटपुटलं. आणि मग रोझेरला आवाज फुटला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बघा! बघा, हिच्याशी संसार केला मी! परवाना सरकारने दिला, पण ही सरकारच्या वर!"

लोक जरासे हसले. टोपी उलटी फिरली आणि ज्याने त्याने आपापली नोट उचलून घेतली. ओनेझीम माझ्याकडे न बघता गेला. तो अजून बघत नाही.

येताना रोझेरने गाडीत जाकिटाची बटणं सोडली. मग म्हणाला, "फार लागट बोललीस त्यांना."

"हो."

"ओनेझीम मनाचा चांगला आहे."

"आहे."

मला वाटलं, आता आणखी काही म्हणेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

आता बर्फ पडलाय. बायका चर्चमध्ये मला जागा करून देतात, पण बोलत नाहीत. तो भार मी उचलू शकते. मीच घेतलेला आहे. पण रोझेर ती गोष्ट आता घरातही सांगतो, आम्ही दोघंच असताना. काल जेवताना म्हणाला, "तू आडवी आली नसतीस ना, तर त्या दिवशी नर माझा होता. अशी स्वच्छ काच मी जन्मात पाहिली नाही. फुली कशी, रेघ ओढल्यासारखी."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला ते खरंच वाटत होतं.

"हो," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरून ताटलीपर्यंत नेला.