वापरलेले साहित्य

आशाने पहारीचं टोक लोखंडी जाळीखाली सारलं आणि अंगाचा भार टाकला. जाळी कुरकुरत बोटभर उचलली गेली.

"ताई, तेवढी जाळी राहू द्या की," मंगल मागून म्हणाली. "मी करते उद्या."

"उद्या मी नाही. अण्णांचं वर्षश्राद्ध आहे."

मंगलने हातातला खराटा उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

लोणीच्या माळावरच्या या कारखान्यात पंपांचे सुटे भाग होत. आवारात पडलेलं पावसाचं सगळं पाणी या एका गटाराने भिंतीबाहेर जाई, आणि भिंतीला लागूनच ओढा होता. शेडमधलं तेल त्या पाण्यासोबत ओढ्यात जाऊ नये, हे बघणं आशाचं काम. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. फाटकाजवळच्या फळ्यावर तिच्याच अक्षरात आकडा होता : गळतीविना दिवस ७४१.

जाळी बाजूला झाली. खाली, गटाराच्या तोंडाशी, सुतळीने बांधलेली एक काळी वळकटी आडवी ठेवलेली होती. आशाने ती ओढली. ती ओल्या मेंढरासारखी जड होती आणि तिला मशीनच्या तेलाचा वास होता. सुतळी सोडल्यावर एक कोपरा उलगडला. काठाला लाल दोऱ्याची टीप दिसली.

ती टीप म्हाळसाआत्याने घातलेली.

चार दिवस घरात वडिलांच्या, अण्णांच्या, या घोंगडीचा शोध चालला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी, गेलेल्या माणसाची घोंगडी अंथरून तिच्यावर नैवेद्याचं पान ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. ट्रंका धुंडाळून झाल्या, मेंढवाडा झाला, डिंगोऱ्याच्या चुलत्यांनाही विचारून झालं.

"ही इथं कशी आली, मंगल?"

मंगल गटाराच्या कडेला उकिडवी बसली.

"तुमी पुण्याला गेलावता ना, त्या सर्टिफिकेटाला. गुरुवारची सुट्टी. हितं मी नि अण्णा दोघंच. रॅकवरचा बॅरल बुडातनं फुटला. वर पाऊस लई. तेल निघालं की हो गटाराकडं पळत."

"कपाटात किट होतं."

"कपाटाला कुलूप व्हतं, ताई."

आशाचा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

त्याआधी पंधराच दिवस तिने ते किट मागवलं होतं. तेल शोषणाऱ्या पांढऱ्याशुभ्र गाद्या, हातमोजे, पिवळ्या पिशव्या. कुणी सामान पळवू नये म्हणून कुलूप. तोवर त्या जागी अण्णांची लोकरीची पोती असायची. मेंढरं कातरली की ज्या लोकरीला गिऱ्हाईक नसे, ती ते पोत्यात कोंबून मागच्या फाटकाशी, त्यांच्या वॉचमनच्या खुर्चीमागे, ठेवत. लोकरीला तेलाची माया असती, पाण्याची नसती, असं म्हणत. पोत्यांवर गोचिड्या फिरत, वास येई. तपासणीच्या तोंडावर ती चारचौघांत म्हणाली होती, "अण्णा, हा कारखाना आहे, मेंढवाडा नाही."

"मेंढवाड्यातनं कधी तेल सांडलं नाय, बाई," अण्णा हसून म्हणाले होते. मग एकेक पोतं पाठीवर घेऊन त्यांनीच बाहेर नेलं होतं. वहीत तिने नोंद केली होती : अनावश्यक वस्तू हटवल्या.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय. खांद्यावरची घोंगडी काढली, जाळीच्या तोंडाला दाबली, आन् ऱ्हायलं तिच्यावर उभं. दोन तास. गुडघाभर पाण्यात. मी आपली वरचं तेल बादलीनं उपसत व्हते. म्हणलं, अण्णा, ताईला फोन लावू का? तर म्हणालं, आज नको. आज तिचं कौतुक चाललंय."

आशाने घोंगडीचा उलगडलेला कोपरा परत आत दुमडला.

त्या संध्याकाळी ती सर्टिफिकेट घेऊन घरी आली, तेव्हा अण्णा चुलीशी कुडकुडत बसले होते. "घोंगडी असताना भिजलातच कसे?" ती चिडली होती. अण्णांनी सर्टिफिकेट हातात घ्यायच्या आधी धोतराला हात पुसले. "इसरलो, बाई," म्हणाले. चौथ्या दिवशी ताप छातीत उतरला. नवव्या दिवशी ते गेले. वर्षभर, भेटायला येईल त्याला ती सांगत आली होती : हट्टी फार. घोंगडी न घेताच पावसात गेले.

"मला सांगायचं नाही का गं?"

"शपथ घातली व्हती. आन् ते गेल्यावं कंच्या तोंडानं सांगू?" मंगलने पदर तोंडाला लावला. "ही हितंच राहू दे म्हणालं. परत लागंल."

फोन वाजला. म्हाळसाआत्या.

"गावली का गं घोंगडी?"

"गावली, आत्या."

"आगं बया! कुठं व्हती? आन मग लौकर."

"आणता येणार नाही. तेलाने भरलीय."

"हात्तिच्या! मग धुऊ की. रिठं घालून चार पाण्यातनं काढू."

"धुतलेलं पाणी ओढ्यालाच जाईल, आत्या."

पलीकडे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"मेंढरं तिथंच पित्यात," आत्या म्हणाली. "ऱ्हाऊ दे मग. पाटावर ठेवू पान."

तेल लागलेली चिंधीसुद्धा झाकणाच्या पिवळ्या पिंपात टाकायची, हा नियम आशाचाच होता. तिने घोंगडी दोन्ही हातांवर उचलून शेडपर्यंत नेली. टाकली नाही, चौघडी करून, लाल टीप वर येईल अशी ठेवली आणि झाकण लावलं. मग कपाटाचं कुलूप काढून गटारात सोडून दिलं. तिथून ते परत काढलं, पुसलं, खिशात ठेवलं. गटारात काही टाकायचं नाही.

फळ्यावरचा आकडा तिने ओल्या फडक्याने पुसला. मंगल बघत राहिली.

"ताई, पुढच्या आठवड्यात सायब येणार हायती ना?"

"येऊ देत."

टेबलाशी बसून तिने गळतीची वही उघडली. रकाने तिनेच आखलेले, सगळे कोरे. गेल्या वर्षीची तारीख तिने वर लिहिली. काय सांडलं : मशीनचं तेल, एक बॅरल. कुठे अडवलं : मागच्या जाळीशी. कुणी अडवलं, तेही लिहिलं. वापरलेले साहित्य : घोंगडी, एक.

शेवटचा रकाना होता, कपाटाची किल्ली कोणाकडे.

कागदोपत्री पूर्ण नाव लिहायचं, ही तिला अण्णांनीच लावलेली सवय. तिने आशा लिहिलं. त्यापुढे अण्णांचं नाव, धर्माजी, लिहिताना पेन थांबलं.