एक जूनपर्यंतचं अपंगत्व

अबू धाबीत, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली मुरलीधर दळवींच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, त्याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून कंपनीच्या विम्यातून दरमहा पैसे यायचे. मात्र हात अजून तसाच आहे, असं डॉक्टरचं सर्टिफिकेट दरवर्षी द्यायचं.

"बोटं म्हणजे काय दुधाचे दात, पुन्हा यायला?" हेमाकाकू दरवर्षी करवादायच्या.

यंदा एचआरमधल्या सुजीतचा फोन आला, "काका, आता सर्टिफिकेट नको." काकूंनी लगेच शिरा टाकला. आली म्हणायची एकदाची अक्कल या लोकांना!

कसली अक्कल नि कसलं काय! एक जूनला पासपोर्टवर काकांना साठ पूर्ण होत होती, आणि साठीनंतर विम्याच्या लेखी कुणी अपंग नसतं, नुसतं रिटायर्ड असतं. पैसे बंद.

आता काका काही एक जूनचे नव्हेत. ते पासपोर्टवरच्या सालाच्या पुढच्या सालातल्या श्रावणातले. पण घरात फार उच्छाद मांडतो म्हणून वडिलांनी लवकर शाळेत ढकललं, आणि गुरुजींनी रिवाजाप्रमाणे ठोकून दिली एक जून. गावातली निम्मी पोरं त्याच तारखेला जन्मली होती. आज नेमकं तेच वर्ष काकांना परत हवं होतं, कारण मुलगा कैवल्य इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जाणार होता.

शेवटच्या दिवशी, एकतीस मेला, काका जन्मपत्रिका घेऊन ऑफिसात गेले.

"माझे बाबाही एक जूनचेच, काका," सुजीत ओशाळून म्हणाला. "पण सिस्टीमला पासपोर्टच कळतो. आणि फार ताणलंत, तर इतकी वर्षं खोटी जन्मतारीख दिलीत असं व्हायचं. खलास करा. इथे सही करा, ग्रॅच्युइटी तरी सुटेल."

काकांनी पेन उचललं. पोराला काय सांगायचं? तरी डाव्या हातानं, दात-ओठ खात त्यांनी सही केली.

सुजीतनं ती जुन्या सहीशी ताडून पाहिली. "जुळत नाही, काका. फॉर्म परत येईल."

काकांनी उजवा पंजा टेबलावर आपटला. "अरे, हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"मला दिसतंय हो! पण डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, उजवा हात चालत नाही म्हणून." सुजीतनं घड्याळ पाहिलं. "आणि यल्ला, चला लवकर, आजच आणा, काका. उद्यापासून तुम्ही अपंग नाही."