अकरावी चौकी

दंगल होणार हे आयुक्त साहेबांनी दोन वर्षं आधीच ओळखलं होतं, असं त्यांच्या कचेरीतले जमादार अभिमानाने सांगत असत. साहेब राज्यकर्त्यांपैकी, परमुलखातले. पण जमादारांना पुढे घालून त्यांनी शहराची गल्ली न् गल्ली पालथी घातली होती, वीस चौक्यांच्या जागा ठरवल्या होत्या, आणि शिपायांकडून कवायत इतक्यांदा करून घेतली होती की शिपाई म्हणत, आता दंगेखोरांनाही एकदा तालमीला बोलवा. म्हणूनच बहिणीने शहर सोडायची गोष्ट काढली, तेव्हा जमादारांनी तिला अडवलं.

"अकरावी चौकी तुझ्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

मेहुण्यांनी बांधलेलं सामान सोडलं.

दंगल पेटली ती भर दुपारी. साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते आणि टेलिफोनपाशी जमादार. बाहेर धूर चढत होता, तरी त्या खोलीत सगळं कवायतीसारखं चोख चाललं होतं. मग सातव्या चौकीचा फोन आला.

"हुकमाप्रमाणे निघालो आम्ही."

"कुठला हुकूम?"

"साहेब स्वतः येऊन सांगून गेले ना आत्ता. बराकीत परत जा म्हणाले."

जमादारांनी खिडकीकडे पाहिलं आणि अडखळत निरोप सांगितला. साहेब वळले नाहीत.

"मी सकाळपासून इथेच आहे. तू पाहतोस ना?"

"जी, साहेब."

"मग झालं तर."

पुन्हा फोन वाजला. चौथी चौकी, मग पंधरावी. आवाज निराळे, वाक्य तेच. "माणसं पुन्हा चौक्यांवर पाठवू का, साहेब?" जमादारांनी तीनदा विचारलं आणि तीनदा त्या ताठ पाठीने उत्तर दिलं नाही. दोन वर्षं ज्या पाठीमागून ते डोळे मिटून चालले होते, तीच ही पाठ. तिला आता काहीच ऐकायचं नव्हतं, हे त्यांना उमगलं. अकराव्या चौकीचा फोन नुसताच वाजत राहिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच ते न विचारता कचेरीतून बाहेर पडले.

अकराव्या चौकीचा हवालदार वाटेतच भेटला, आठ शिपाई रांगेत घेऊन परतणारा.

"कुणाच्या सांगण्यावरून हललास?"

"साहेबांच्या."

"साहेब माझ्यासमोर आहेत सकाळपासून!"

हवालदार गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. "असं काय करता, जमादार? साहेबांच्या मागे तुम्हीच उभे होतात. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही मान हलवलीत. नाहीतर तुमच्या बहिणीचं घर टाकून मी हललो असतो का?"

जमादार पळत सुटले. गल्ली सामसूम होती. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. घराची सगळी मोडतोड झाली होती, दार मात्र धड होतं, सताड उघडं. आत मेहुणे जमिनीवर पडले होते, आणि बहीण त्यांच्या डोक्याला पदर दाबून बसली होती. जमादारांनी उंबऱ्यात पाऊल टाकताच ती उठली आणि दोन्ही हात पसरून नवऱ्याच्या आड उभी राहिली.

"अगं, मी आहे," जमादार म्हणाले.

"मघाशीही हेच म्हणालास, दादा," ती म्हणाली. "म्हणून तर कडी काढली."