हजेरीच्या सह्या

झुलालनानांनी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून एकोणतीस वर्षं काढली. गावाचं नाव नाही सांगत, आधीच त्याची काय कमी शोभा झालीय! जळगाव जिल्ह्यातलं, कपाशीच्या काळ्या रानातलं, एवढं पुरे. इतक्या वर्षांत नानांनी दारात आणलेला कागद कोणी वाचून पाहिला नाही. नाना शेताच्या बांधावर यायचे, कागदावर बोट ठेवायचे आणि माणूस हातातलं काम टाकून तिथं सही करायचा. झुलालनं आणलाय ना, मग वाचायचं काय त्यात?

आता ग्रामसभेचं तुम्हाला माहीत आहेच. ठरलेल्या आकड्याइतकी माणसं जमल्याशिवाय सभा चालत नाही, आणि कापूस वेचायच्या दिवसांत एवढी माणसं आणायची कुठून? म्हणून हजेरीच्या सह्या नाना आदल्या दिवशीच घरोघरी जाऊन घेऊन ठेवायचे. पानाचा वरचा भाग कोरा, खाली सह्या आणि अंगठे. ठराव ग्रामसेवक मागाहून लिहायचा. त्यात कोणाला कधी वावगं वाटलं नाही.

मग शेजारच्या शहराला कचरा टाकायला जागा हवी झाली आणि नजर पडली ती गावाच्या गायरानावर. सगळं गाव पेटून उठलं. ग्रामसेवक नानांना म्हणाला, "नाना, विरोधाचा ठराव करू. पण माणसं कमी पडली तर सभाच रद्द होईल. तेवढ्या सह्या घेऊन ठेवा." नाना दोन दिवस उन्हातान्हात हिंडले. दोनशे चौदा सह्या झाल्या. पहिली त्यांनी स्वतः केली, मोठ्या हौसेनं. सभेत लोकांनी हात वर केले, घोषणा दिल्या, आणि गायरान वाचलं असं समजून सगळे घरी गेले.

सहा महिन्यांनी जेसीबी आला. बायका रस्त्यात आडव्या बसल्या. साहेबानं गाडीतून उतरून शांतपणे कागद दाखवला. ठरावात लिहिलं होतं, 'कचरा डेपोस ग्रामस्थांची हरकत नाही.' खाली दोनशे चौदा सह्या, सगळ्यात वर झुलालची. ग्रामसेवक केव्हाच बदली करून घेऊन पसार झाला होता. तळपट होवो मेल्याचं! त्याला शिव्या देणार तरी कुठं जाऊन? नाना मात्र समोरच उभे होते. लोकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कोणी बोललं असतं, दोन दणके दिले असते, तर बरं झालं असतं.

डेपो झाला. संध्याकाळी धूर गावावर उतरायचा, ताटावर माश्या घोंगावायच्या, पाव्हणे जेवायला थांबेनात. नानांच्या दोंडाईच्याला दिलेल्या लेकीला, कोकिळेला, सासूनं बाळंतपणाला माहेरी पाठवलं नाही. म्हणाली, त्या घाणीत लेकरू न्यायचं नाही. नानांची बायको भागाबाई त्या दिवशी चुलीपुढं बसून खूप रडली. नवऱ्याला मात्र ती एका शब्दानं बोलली नाही.

यंदा एक वाट निघाली. गावातल्या इसाकभाई शिंप्याची लेक महेक धुळ्याला वकिली शिकून आली होती. तिनं अर्ज तयार केला. 'आम्ही फक्त हजेरीची सही केली होती, डेपोला संमती दिली नव्हती.' सुनावणी सोमवारी होती. जेवढ्या जास्त सह्या, तेवढं वजन.

"मी फिरते, नाना," महेक म्हणाली.

"नाही बेटा," नाना म्हणाले. "ते पाप माझ्या हातून झालंय. मीच फेडतो."

खरं सांगायचं तर माणसाला एवढंच हवं होतं. गावानं पुन्हा एकदा न वाचता त्यांच्या कागदावर सही करावी. दुसरं काही नाही.

पहिलं घर अभिमनचं. त्यानं कागद हातात घेतला, उलटा केला, पाठची कोरी बाजू निरखून पाहिली आणि परत दिला. ताईबाई म्हणाली, मालक घरी नाहीत. मालक आत खोकत होते. चुडामण तर लहानपणापासूनचा जोडीदार. त्यानं नानांना खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि मग हात जोडले. "तुना हातनं पानी पिसू भो, पन सही नही करसू." बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते.

दिवसभरात एक सही नाही. नाना घरी आले आणि त्यांनी कागद भागाबाईपुढं धरला. निदान घरातून तरी सुरुवात व्हावी. भागाबाईनं अंगठा मुठीत घेतला.

"आधी त्या पोरले बलाव," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिले वाचू दे."

नानांनी जाऊन कागद महेकला देऊन टाकले. रविवारी ती एकटी फिरली. दारोदारी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि लोकांनी सह्या केल्या. शेवटी ती नानांच्या घरी आली. भागाबाईनं दोनदा वाचायला लावलं, मग अंगठा दिला.

"किती झाल्या?" नानांनी विचारलं.

"दोनशे दोन, नाना. केस उभी राहील."

"वा! मग आता माझी घे. कुठं करू?"

भागाबाई उगाचच भांडी आवरायला लागली.

"नाना," पोरगी कशीबशी म्हणाली, "लोकांनी अट घातलीय. तुमचं नाव असेल तर आमचं काढ, म्हणाले. मी सगळ्यांना कबूल केलंय."

नानांनी मान डोलावली. "बरोबर शे लोकेस्नं," ते म्हणाले. महेक उठून उंबऱ्यापर्यंत गेली, तशी त्यांनी हाक मारली.

"मना बी विरोध शे, बेटा. कोठे तरी लिखी ठेव."

महेक कागद छातीशी धरून दारात उभी राहिली. लिहायला जागा होती, पण तिनं सगळ्यांना शब्द दिला होता.