डफाच्या जागी मांडलेली पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. पुण्यात घडले आणि चिंचवडच्या शाळेत उद्धवराव मास्तरांच्या हाताखाली पंधरा वर्षे वाजले. प्रार्थना असो की बक्षीस समारंभ, माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. कौतुकाची मला चटकच लागली. मित्रांनो, त्या चटकेची आज लाज वाटते.

सन छप्पन्नची गोष्ट. चाकणजवळच्या एका गावात भिमाजी नावाचे म्हातारे शाहीर होते. डफावर पोवाडे गात. वृद्ध कलावंतांना सरकारातून मानधन मिळणार होते आणि गाणे ऐकून शिफारस करायला एक साहेब गावी येणार होते. मानधन मिळाले तर भिमाजींना या वयात विटा वाहायला जावे लागणार नव्हते.

सरपंच सोपानराव म्हणाले, "ठिगळं लावलेला डफ सायबाम्होरं कशापायी? चिंचवडच्या मास्तरांची पेटी आनू. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"मला पेटीवर गायची सवय न्हाई, सोपानराव," भिमाजी म्हणाले. पण गावापुढे त्यांचे काय चालणार?

मी मास्तरांबरोबर बैलगाडीतून थाटात गेले. साहेबांना धूर नको म्हणून डफ शेकायची शेगडीसुद्धा विझवली होती. भिमाजी माझ्या सुरामागे धावू लागले, अडखळले, कडवे विसरले. मी मात्र ठणठणीत वाजत होते. लोक माझ्याकडे बघून माना डोलवत होते आणि मी फुशारून गेले होते.

साहेबांनी वही मिटली. "मी डफावरचा पोवाडा ऐकायला आलो होतो. पेटी पुण्यात रोज ऐकतो."

मग एकच धावपळ उडाली. कुणीतरी घरून डफ आणला. पण कातडे गार आणि सैल पडले होते. शेकल्याशिवाय डफ बोलत नाही. भिमाजींनी थाप मारली, ती ओल्या पोत्यावर बसावी तशी बसली. निखारे फुलेपर्यंत थांबायला साहेबांना सवड नव्हती. त्यांना पुढे खेडला जायचे होते. शिफारस झाली नाही.

निघताना भिमाजींनी पटक्याच्या शेवाने माझ्यावरची धूळ पुसली. "पेटी ग्वाड हाय, मास्तर. तिचा काय दोस?" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते पिंपरीला, कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहायला गेले.

माझा दोष होता. भाता फाटल्याचे सोंग तरी करता आले असते.

मित्रांनो, गावचा जुना डफ पाहुण्यांपासून लपवू नका. त्याला वेळेवर शेका, पुढे बसवा. माझ्यासारखी एखादी मध्ये आलीच, तर तिला खुशाल बंद करा. त्या दिवशी मला कुणी बंद केले नाही, आणि म्हातारा गप्प झाला तरी मी वाजतच राहिले.