अंतराचा दम आणि माझी काळी उसळ

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि आज मी इतकी खूश आहे की गॅसवर चढण्याआधीच तापले आहे. मित्रांनो, कढईला सांगण्यासारखं काय असणार, असं म्हणून पान उलटू नका. माझ्या गोष्टीत रक्त आहे, हॉकी आहे, चहा आहे आणि एक काळीकुट्ट उसळ आहे.

माझा जन्म ग्वाल्हेरात, बिर्लानगरच्या रस्त्याकडेला झाला. गाड्यांतून गावोगाव फिरणाऱ्या गाडिया लोहारांचं एक कुटुंब तिथे भाता लावून बसलं होतं. नवरा सांडशीने तापलेला पत्रा फिरवायचा आणि बायको घण घालायची. काय घण घालायची ती! माझं पोट खोल झालं, दोन कान बसले, आणि संभाजीराव नावाच्या गृहस्थांनी मला टिचकी मारून, आवाज ऐकून घरी नेलं. घरात त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचे पणजोबा फौजेत होते. आबा वीज खात्यातून निवृत्त झाले, पण मिशी अजून फौजेतच आहे.

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. माझ्यात पिठलं रटरटायचं, मेथी परतली जायची, थंडीत बथुआ, म्हणजे चाकवत, शिजायचा. आबांची सून सोनिका मला रोज घासून, पुसून, तेलाचा हात लावून ठेवायची. मीही जीव ओतून काम करायचे.

मग एकदा पाहुणे आले. त्या दिवशी माझ्यात टोमॅटोचा रस्सा केला होता आणि तो जरा काळसर दिसत होता. एका पाहुणीने वाटी तिरकी करून विचारलं, "भाभी, ये जल गई क्या?"

सोनिकाचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की मला फडताळात लपावंसं वाटलं. तेव्हापासून आंबट काही माझ्यात शिजवणं तिने सोडलं. थोड्याच दिवसांनी घरात एक चकचकीत, काही न चिकटणारी कढई आली आणि मी स्वयंपाकघराबाहेरच्या गॅलरीत गेले. माझ्यात चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवलं होतं. चिमण्या पाणी प्यायच्या, आंघोळ करायच्या, आणि जाता जाता माझा अपमानही करून जायच्या. माझ्या पोटावर गंज चढला. वाईट वाटायचं, पण गॅलरीच्या खिडकीतून घरातलं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं, तेवढाच आधार.

तिथूनच मी अंतराला पाहायचे. अंतरा म्हणजे सोनिकाची मुलगी, नववीत शिकते. शाळेच्या हॉकी संघात ती उजव्या बाजूने धावते. तिला एकच ध्यास होता, भोपाळच्या निवड शिबिराला जायचं. पण या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं होतं. शाळेतून आली की पुस्तकावर डोकं टेकून झोपायची. फ्रीजमधला बर्फ काढून कडाकडा चावत बसायची.

"मोबाइल कमी कर, म्हणजे थकायची नाहीस," सोनिका म्हणायची.

"आळस आहे, दुसरं काय," आबा म्हणायचे. "आम्ही थाटीपूरपर्यंत पायी जायचो."

"आबा, तुम्ही प्रत्येक वेळी पायीच का जायचे? सायकल नव्हती का?"

आबा मिशीत हसले, पण अंतरा हसली नाही. त्या दिवशी प्रशिक्षक दिग्विजयसिंह सर तिला म्हणाले होते, "बेटा, दस मिनट में तुम्हारी बत्ती गुल हो जाती है. पहले खून की जाँच कराओ." हे तिने घरी आल्या आल्या आईला सांगितलं.

जाँच झाली. हिमोग्लोबिन नऊ निघालं. शिबिराला जायचं तर निदान अकरा हवं, नाहीतर नाव कापावं लागेल, असं सरांनी साफ सांगितलं.

तुम्हाला वाटेल पोरगी रडत बसली असेल. छे. तिने विज्ञानाचं पुस्तक उघडलं आणि ओट्यापाशी उभं राहून आबांचा तासच घेतला. पोळी-भाताची पोटात साखर होते, ती रक्तातून अंगभर जाते, तेच आपलं इंधन. डाळीतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात आणि त्यांतून शरीर आपले स्नायू बांधतं, दुरुस्त करतं. तूप-तेल म्हणजे साठवणीचं इंधन. मी गॅलरीत बसून ऐकत होते आणि थक्क होत होते. इतकी वर्षं मी यांना जेवण शिजवून घातलं, पण ताटानंतर त्याचं काय होतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मग तू तर सगळं खातेस. दम का लागतो?" आबांनी विचारलं.

"आबा, चुलीत लाकडं भरपूर आहेत, पण हवाच पोचत नाही आहे. इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो. तो हिमोग्लोबिन उचलून नेतं. आणि हिमोग्लोबिन बनायला लोह पाहिजे. लोहा."

लोहा! मी दोन्ही कान टवकारले. अगं, मी इथे आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण माझ्यात पाणी होतं आणि पाण्यात एक चिमणी होती.

डॉक्टरांनी अंतराला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पालक आला, चणे आले. महिन्याभराने परत जाँच झाली आणि आकडा जेमतेम हलला. आता मात्र ती रडली. "मी सगळं करते आहे ना, आई. मग रक्तात काहीच का जात नाही? माझं नाव कटून जाईल."

सोनिका तिला जवळ घेऊन बसली. मोबाइलबद्दल काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मधुवंतीताई डबा परत द्यायला आल्या. त्या शहरातल्या कंपू भागातल्या एका रुग्णालयात डॉक्टर आहेत. घरात नुकतंच जेवण झालं होतं. आता या घरची रीत ऐका. शेवटचा घास पोटात गेला की आबा स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा टाकतात, आलं घालून, कडक. त्याशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही. अंतराने गोळी तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला.

मधुवंतीताई दारातच थांबल्या. "ती गोळी रोज चहाबरोबर घेतेस?"

"हो. आबा म्हणतात गरम गरम घोटाबरोबर लवकर उतरते."

"उतरते, पण रक्तात पोचत नाही. चहातले घटक लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. पालकातलं, चण्यातलं, गोळीतलं, सगळ्याला. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा बंद. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोहाला आत शिरायला मदत करतं."

आबांनी कप खाली ठेवला. इतका हळू ठेवला की आवाजही झाला नाही. "म्हणजे मीच पोरीचं रक्त आटवत होतो," ते म्हणाले.

"तुम्ही लाड करत होतात, आबा. चूक कळली, झालं."

"ताई," अंतराने विचारलं, "आमची एक लोखंडी कढई आहे, चिमण्यांची. तिने काही होतं का?"

"होतं की. थोडं लोह तिच्यातून अन्नात उतरतं, आंबट शिजवलं तर जास्त. पण गोळ्या सोडायच्या नाहीत हं. कढई म्हणजे औषध नाही."

शेवटचं वाक्य मला जरा लागलं. पण खरं होतं, म्हणून मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी अंतराने माझा गंज घासून काढला, चांगलं तीन-चार वेळा धुतलं, आचेवर कोरडं केलं आणि तेल चोळलं. मग माझ्यात काळ्या चण्यांची उसळ पडली, भरपूर टोमॅटो घालून. मी तर आनंदाने फदफदत होते. आणि व्हायचं तेच झालं. उसळ काळी झाली.

सोनिकाने झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला. "अगं बाई, परत तसंच. थांब, दुसरी करते." तिने पकड घेतली आणि मला मोरीकडे नेऊ लागली. 

अंतरा आडवी आली. "आई, नको ना. हा जळका रंग नाही आहे. कढईचं लोखंड उतरलंय."

"आणि कोणी बघितलं तर?"

"तर त्यांना पण वाढू."

सोनिकाने मला परत ओट्यावर ठेवलं. मग तिने तीच उसळ पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घेतली. आबांनी वर लिंबू पिळलं. जेवण झाल्यावर ते सवयीने उठले, चहाच्या डब्याकडे गेले, आणि तसेच परत येऊन बसले. "ती पिणार नाही तर मी काय एकटा पिऊ?" तासभर ते घड्याळाकडे असे बघत होते, जणू तेच काटे ढकलत होते.

त्यानंतर माझे दिवस पालटले. जे शिजेल ते झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढायचं, मला ओलं ठेवायचं नाही, हे अंतराने सगळ्यांना बजावलं. हळूहळू तिने बर्फ चावणं सोडलं; ती तल्लफही लोह कमी पडल्यानेच होती, असं मधुवंतीताईंनी सांगितलं. संध्याकाळी अभ्यास करताना गुणगुणू लागली.

शिबिराआधीच्या जाँचेचा कागद काल आला. अंतराने तो आईच्या हातात दिला, स्वतः बघितलाच नाही. सोनिका म्हणाली, "अकरा पॉइंट सहा," आणि परत एकदा वाचलं, खात्री करायला. सरांचा फोन आबांनी घेतला. "हो सर. फिट है. बिल्कुल भेज रहे हैं." मग फोन ठेवून अंतराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी तुला आळशी म्हणत होतो. चुकलोच मी, बाळा."

आता ती भोपाळला निघाली आहे. निवड होईल की नाही, कोणाला माहीत. पण निदान ती शेवटच्या मिनिटापर्यंत धावू शकेल, आणि हरली तरी खेळून हरेल.

मित्रांनो, मला कोरडी ठेवा, तेलाचं बोट लावा, मी तुमच्या नातवंडांनाही जेवू घालीन. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात एखादी मुलगी सारखी दमत असेल, तर तिला नावं ठेवू नका. तिला जवळ बसवा आणि विचारा, "बाळा, तुला बरं वाटत नाही का?"