अशोकाचा पहिला बहर

कुणाचा विश्वास बसणार नाही यावर, नका ठेवू. पळस पेटतो तेव्हा तो तरी कुठे साक्षीदार गोळा करत बसतो?

पाहा, मंडळी, चैत्राचं ऊन कसं उतरतंय. मधासारखं दाट, मधासारखं सावकाश. कृष्णेवरून आलेला वारा पांगाऱ्याच्या लाल चोचींना हलवतो, कांचनाच्या गुलाबी ओठांशी थबकतो, शिरीषाच्या रेशमी पिसांत शिरून वाट विसरतो. ‘फुले तोडू नयेत’ या पाटीवर बोगनवेल चढली आहे; आता फक्त ‘नयेत’ एवढंच दिसतं.

तुम्ही नगरपालिकेच्या या बागेत बहर पाहायला लांबून आलात. या झाडाखाली थबकलात आणि विचारलंत, “आजोबा, खोडालाच फुलं लागलेलं हे झाड कसलं हो?” म्हणून सांगतो. मी बाजीबा फुलारी. चाळीस वर्षं बागेच्या दाराशी हार गुंफतो. या डाव्या हाताने, केळीच्या वाळल्या सालीच्या धाग्याने. सोपट म्हणतो आम्ही त्याला. बाकाच्या त्या टोकाला पांढऱ्या पातळातल्या बाई बसल्यात, त्यांचा संकोच नको. त्यांचा डोळा लागलाय. शिवाय त्यांना ऐकूही कमी येतं.

हा अशोक. सीतेचा अशोक. ताम्रपल्लव, नतशाख, छायागंभीर.

सात वसंतांपूर्वी हा असाच उभा होता. फक्त याच्या अंगावर एक फूल नव्हतं. हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या विंझेबाईंनी हा लावलेला. एकट्या बाई. ना घरी वाट पाहणारं कुणी, ना कुणाची वाट पाहायची. दर फाल्गुनात त्या यायच्या, फांदीच्या प्रत्येक सांध्यात कळी शोधायच्या, आणि नसलेली कळी डोळ्यांत घेऊन परत जायच्या. जाताना माझ्याकडून मोगऱ्याचा एक गजरा घ्यायच्या. केसांत कधी माळला नाही. या झाडाच्या खालच्या फांदीला अडकवायच्या, निपुत्रिकेने दुसरीच्या बाळाला काजळ लावावं तसा.

वीस फाल्गुन आले. वीस फाल्गुन गेले. अशोक हिरवा राहिला.

मग बागसमितीचे अध्यक्ष नेमगोंडाअण्णा यांच्या मनात कारंजं आलं. जागा हवी होती ती नेमकी इथली. बाई आडव्या आल्या. “अशोक आहे हा, अण्णा.”

अण्णा हसले. “बाई, अशोक आम्हाला दाखवताय? अशोक ते, कुंपणाचे. उंच, सरळ, शिपायासारखे. हे कसलं वाकडं ध्यान?”

सबंध गाव त्या शिपायांनाच अशोक म्हणत आलं होतं. लग्नाच्या मांडवाला त्यांचीच पानं बांधत आलं होतं. खरा अशोक गावात उभा होता आणि गावाला नावानिशी परका होता.

“पाडव्याला फुलला तर अशोक,” अण्णा म्हणाले, “नाही फुलला तर लाकूड.”

आणि पाडवा दुसऱ्या दिवशी होता.

त्या संध्याकाळी आकाश कुंकवाच्या करंड्यासारखं उघडं पडलं होतं. समिती बाकावर, कुऱ्हाडवाला पारावर, मी माझ्या टोपलीशी. बाई झाडासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जुन्या काव्यांत असं आहे की स्त्रीच्या डाव्या पावलाचा आघात झाला की अशोक फुलतो.

“तरुण स्त्रीच्या ना, बाई?” अण्णांनी मिशीला पीळ दिला. “तुमचं आता किती म्हणायचं?”

“अट डाव्या पावलाची आहे, अण्णा. जन्मतारखेची नाही.”

हास्याचे पारवे उडाले. बाईंनी चप्पल काढली. अठ्ठावन्न वर्षं जपून टाकलेलं ते पाऊल उचललं, आणि स्वतः लावलेल्या, स्वतः पाणी घातलेल्या खोडाला, फूल ठेवावं इतकं हलकं, लावलं.

काही झालं नाही. पानं निश्चल. वारा निश्चल. हसू तेवढं वाहत राहिलं. त्या हसण्यात बाई चप्पल घालून इतक्या घाईने निघाल्या, की पाय लागल्यावर करायचा नमस्कारही राहून गेला. गजराही घेतला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आता ऐका, इथून पुढे तुम्ही मला वेड्यात काढणार.

बाई दाराबाहेर पडल्या आणि झाड लाजलं. खोटं नाही सांगत! बुंध्यापासून लाजलं. पाऊल लागलं तिथे पहिला घोस फुटला, पिवळा. पिवळ्याचा केशरी, केशरीचा लाल. मग सांध्यासांध्यातून, सालीसालीतून, ज्वाळेला ज्वाळा लागावी तशी फुलाला फुलं लागली. तीन तालुक्यांच्या मधमाश्या पोळी सोडून आल्या. नदीपलीकडच्या देवळातला नंदी उठून, वास घेऊन, परत जाऊन बसला. पुजाऱ्याला विचारा, त्याची दिशा अजून थोडी चुकलेली आहे.

मी? मी काय करणार. मी टोपली आवरून घरी गेलो.

पाडव्याची सकाळ उजाडली. घराघरांवर गुढ्या उभ्या राहत होत्या, आणि इथे एक गुढी कुणी न उभारता उभी होती. आरक्तस्तबक, सुवर्णगर्भ, अरुणवर्ण. कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली आणि दोन्ही कानांना हात लावले. अण्णा इतक्या जवळ गेले, की त्यांची पांढरी मिशी केशरी झाली. ती पुढे श्रावणापर्यंत उतरली नाही. कारंजं बसस्टँडपाशी गेलं. आणि बाई आल्या, गर्दीतून वाट काढत आल्या, कालचा राहिलेला नमस्कार करायला बुंध्याशी वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा डोळे भरलेले, ओठ मिटलेले. चमत्कारापुढे माणूस दुसरं काय करणार?

तेव्हापासून हा दरसाल फुलतो. एका पावलाचा हा बहर. नुसत्या एका पावलाचा—

“खोटं आहे हे, बाजीबा.”

बाकाच्या त्या टोकाला पांढरं पातळ हललं. ऊन फांद्यांमधून गळत होतं, ठिबकत होतं, बाईंच्या मांडीवरच्या जाड पुस्तकावर साचत होतं.

“काय खोटं, विंझेबाई? नंदी का?”

“नंदी असू दे. पुढच्या वर्षीपासून झाड आपणहून फुललं, तेही असू दे. पण त्या पाडव्याला मी वाकले, तेव्हा अशोकाचा पहिला घोस माझ्या डोळ्यांपासून वितीवर होता.” त्यांनी पुस्तक उघडलं. दोन पानांच्या मध्ये, वाळलेलं, तपकिरी, केसाएवढं बारीक सोपट होतं. मधोमध एक गाठ. “नदीपलीकडच्या देवळामागचा अशोक त्या पहाटे ओका झाला होता, हे पुजाऱ्याने मला सांगितलं. आणि ही गाठ कुणाची, ते कुणी सांगायची गरज नव्हती. वीस वर्षं गजऱ्याला मी तीच पाहत आले. डावखुरी आहे.”

वरून एक फूल सुटलं, फिरत फिरत आलं, टोपलीतल्या अर्ध्या गुंफलेल्या गजऱ्यावर पडलं.

“आता तो हात धोतरात लपवू नका,” बाई म्हणाल्या. “गजरा अर्धा राहिलाय. पुरा करा, आज मी माळणार आहे.”